चिमूटभर कूट

मंगळवार, संध्याकाळ

पोट आता शांत आहे. घसा मात्र अजून जळतोय.

देवीचा उपवास, म्हणून बायकोला घेऊन आत्याकडे येडशीला फराळाला गेलो. मला दाणे सोसत नाहीत, भगरीत कूट घालू नका, हे दारातच सांगितलं होतं. तरी आत्यांनी घातलं. चिमूटभर. दोन घासांत ओठ खाजायला लागले, मग अंगणात उलटीवर उलटी.

"देवीच्या फराळानं कुणाला काय व्हतंय का? तुझ्याच मनात खोट असंल," आत्या म्हणाल्या.

खोट? मिसरूड फुटलं तेव्हापासून मंगळवार धरतोय मी.

दवाखान्यात सुई दिली, श्वास नीट चालतोय ना म्हणून बराच वेळ बसवून ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चिमूटभरसुद्धा चालणार नाही.

परत आलो तर आत्यांनी तीच भगर डब्यात भरून ठेवलेली! "उपवास ह्याच्यावरच सोड, अन् देवीची माफी माग."

एरवी मी गुपचूप डबा घेतला असता. आज हातात परत दिला. "आत्या, तुमच्या पाया पडतो, पण हे तोंडात घालणार नाही. देवी रागावली तर मी बघून घेतो."

"लई शिकलास की रं!"

"आत्ताच, दवाखान्यात."

बायको पदर तोंडाला लावून हसली.

चिमूटभर म्हणे. त्या चिमटीवर माझी भक्ती मोजणार?

घरी आल्यावर देवीपुढं दिवा लावला. माफी मागितली नाही. तिच्यासमोरच बसून साखर-मिठाचं पाणी घोट घोट प्यालो.

पोटात राहिलं.