किहाराच्या अल्बममधली माणसं

६ जून २०११, सोमवार

स्टाफरूमचं वाळवी लागलेलं छत आज उतरवलं आणि वरून गोरी माणसं पडली! पत्र्याच्या पेटीत एक अल्बम. जाड काळी पानं, पांढऱ्या शाईतलं बायकी अक्षर. मला रिटायर होऊन पाच वर्षं झाली, तरी हेडमास्तर वाइथाकाने मलाच बोलावलं. "म्वालिमू, जुन्या गोष्टी तुम्हालाच कळतात." म्हातारी झालीस असं म्हणायचं होतं मेल्याला. तिसरीत माझ्याच वर्गात होता, तेव्हापासून म्वालिमू, म्हणजे बाई, म्हणतो. सातचा पाढा अजून येत नसणार.

आमची शाळा म्हणजे मळेवाल्या गोऱ्याचं घर, हे सुबुकिया गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्याचं नाव? कुणालाच नाही. सगळे किहारा म्हणायचे — टकल्या! मळा सोडून गेला त्याला पन्नास वर्षं होत आली. राहिलं ते आम्ही ठेवलेलं नाव.

अल्बममध्ये आहे तो. टक्कल झाकायला टोपी. बायको, एक मुलगी, घोडे, कुत्री. कुत्र्यांची नावं लिहिलीत — जुनो, बेस. घोड्यांचीसुद्धा. आमची माणसं पानोपानी आहेत. त्यांच्याखाली काय? "आचारी." "पोरं." "बॉय."

चौदाव्या पानावर ट्रॅक्टर. चाकाला हात टेकून एक तरुण उभा. खाली — "नवा ट्रॅक्टर आणि बॉय, १९५२."

तो बॉय कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो.

७ जून

आरशात पाहिला होता.

आईपुढे पान उघडलं. ऐंशी वर्षांची आहे, पण नजर शाबूत. म्हणाली, "म्वानिकी." आणि आत जाऊन घेवडा सोलायला बसली.

माझे वडील! मी दोन वर्षांची असताना किहाराच्या लॉरीतून नेले. नोव्हेंबर १९५३. परत आलेच नाहीत. फोटो नव्हता, थडगं नाही. साठ वर्षांची झाले तेव्हा पहिल्यांदा बापाचं तोंड पाहिलं — आणि त्याच्याखाली लिहिलंय "बॉय"! सत्तावीस वर्षांचा बाप्या, एका लेकीचा बाप!

१० जून

किरागूकाकांना अल्बम दाखवला. ते अठ्ठ्याहत्तरचे. लहानपणी याच मळ्यावर वासरं राखायचे. भिंगातून बघत एकेकाचं नाव सांगत सुटले, आणि मी प्रत्येकाखाली पेन्सिलीने लिहीत गेले. "आचारी" म्हणजे गाथुंगू, डावरा, स्वाहिली गाणी म्हणायचा. "पोरं"मधलं एक पोर स्वतः किरागूकाकाच! "बघ, माझ्या अंगात सदरा आहे. गोरीने फोटोपुरता घातला आणि लगेच काढून घेतला."

वाइथाका धावत आला. "म्वालिमू, ऐतिहासिक वस्तूवर लिहू नये!"

"इतिहास अर्धा लिहिलेला होता," म्हटलं. "मी पुरा करतेय."

मग काकांनी एका फोटोवर बोट ठेवलं. मका वाळवायचं अंगण. म्हणाले, "इथेच बसवलं होतं सगळ्यांना." गोऱ्यांच्या राज्यातल्या आणीबाणीतली गोष्ट. गोऱ्यांविरुद्ध लढायची शपथ घेतलेले कोण, ते शोधायला शिपाई आले होते. एका माणसाच्या डोक्यावर पोतं, डोळ्यांपुरती दोन भोकं. तो रांगेपुढून चालायचा. मान हलवली की माणूस उचलायचे. त्या दिवशी तिघांसमोर हलवली. त्यात काकांचा थोरला भाऊ मुरिउकी. तिघांनाही फाशी. आठवड्याभराने माझ्या वडिलांना नेलं.

"पोत्यातला कोण होता, काका?"

"कळलं असतं तर तो इतकी वर्षं जगला असता?"

१७ जून

किहाराचं खरं नाव शोधून काढणार. ज्याला नाव नाही त्याला जाब कसा विचारायचा?

बाविसाव्या पानावर मागच्या आवारातलं एक थडगं. लहानसं, दगडावर कोरलेलं कोकरू. आवार पायाखाली घातलं — काही नाही. दमून स्वयंपाकघराशी बसले. तिथे बायका भांडी घासत होत्या, एका सपाट दगडावर. म्हटलं, जरा उलटा करू या.

खाली कोकरू! आणि अक्षरं — आर्थर हॅलोवेल, अकरा आठवडे, १९३९.

"अगं बाई! इतकी वर्षं बाळाच्या डोक्यावर भांडी घासत होतो की काय आपण!" सगळ्याजणींनी हात लावून तो धुतला आणि सीडरच्या झाडाखाली उभा केला. कुणाला सांगावं लागलं नाही. बाळाशी कसलं आलंय भांडण?

पण आता तू सापडलास, हॅलोवेल!

२४ जून

नाकुरू शहरात गेले. चर्चच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या वहीत हॅलोवेल दोनदा. आर्थर. त्यानंतर १९४१ साली रोझलिंड. मग दोन तास इंटरनेटच्या दुकानात. बोर्डिंग शाळेतल्या माजी मुलींचं एक वार्तापत्र सापडलं, त्यात "रोझलिंड (माहेरची हॅलोवेल) प्रॅटली, पर्थ, ऑस्ट्रेलिया." पत्ता, ईमेल, सगळं. तिथूनच तिला अल्बमचं आणि बाळाच्या दगडाचं लिहून टाकलं.

आणि स्टुडिओत वडिलांचा फोटो मोठा करायला टाकला. ट्रॅक्टर कापून.

१ जुलै

उत्तर आलं! बाई आनंदाने वेडी झालीय. अल्बम आईच्या हातचा म्हणे. पाठवायचा खर्च तीच करील. पानभर आठवणी: जुनोच्या मागच्या डाव्या पायात काटा रुतला होता, ती जन्मभर लंगडत राहिली. बाळाच्या दगडाचं वाचून रडले, लिहिते.

मी तीन ओळी लिहिल्या. "अल्बम मिळेल. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. पान चौदावरचा म्वानिकी, माझे वडील, नोव्हेंबर १९५३ मध्ये तुमच्या वडिलांच्या लॉरीतून कुठे नेले?"

५ जुलै

"मी लहान होते. आता काही आठवत नाही. ते दिवस दोन्ही बाजूंना फार दुःखाचे होते."

दोन्ही बाजूंना!

लगेच उत्तर दिलं. "तुम्ही बारा वर्षांच्या होता. जुनोचा कुठला पाय लंगडा होता ते तुम्हाला आठवतं. माणूस कुठे गेला तेही आठवेल. घाई नाही. अल्बम माझ्या कपाटात आहे, किल्ली माझ्या गळ्यात."

१३ जुलै

बाईने आता वाइथाकाला लिहिलंय. अल्बम मिळाला तर शाळेला पाण्याच्या दोन मोठ्या टाक्या. तो सकाळीच चहाला हजर. चहा प्यायला, उकडलेलं अळकुडं खाल्लं, मग तोंड उघडलं.

"म्वालिमू, मुली ओढ्यावरून पाणी आणतात."

"माझ्या वेळेलाही आणायच्या. टाक्या तिने अल्बमशिवायही द्याव्यात. त्या ओढ्याचं पाणी तिच्या बापानेच वळवलं होतं."

"मेलेली माणसं मेली हो. पोरं जिवंत आहेत."

वाईट वाटलं. कारण त्याचं चुकलेलं नाही. तरीही नाही म्हणाले. बापाच्या बदल्यात टाक्या घेतल्या असं कुणी म्हटलेलं मला चालणार नाही. आणि कुणी नाही म्हटलं तरी मी स्वतःला म्हणेनच.

१७ जुलै, रविवार

चर्चनंतर शाळेच्या पटांगणात सभा. वाइथाकानेच बोलावली. मला वाकवायला! निम्मा गाव टाक्यांच्या बाजूने. एकजण तर म्हणाला, "हिला पेन्शन आहे, हिच्या घरी नळ आहे, हिला काय होतंय!"

मी उभी राहिले. म्हटलं, "हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. त्या अंगणात तुमचेही आजे बसले होते. उत्तर आलं की मी ते घरात फोडणार नाही. इथे, तुमच्यासमोर फोडीन आणि असेल ते वाचीन. चांगलं, वाईट, काहीही. दोन महिने द्या. तोवर आलं नाही तर अल्बम घ्या आणि टाक्याही घ्या."

किरागूकाका काठी आपटून म्हणाले, "माझा हिला पाठिंबा. माझा भाऊ तिथेच बसला होता." संपलं. वाइथाकाने टोपी काढली. हरला की काढतो.

घरी आई म्हणाली, "सगळ्यांसमोर कशाला?"

"तेव्हा नेलं ते सगळ्यांसमोरच ना?"

जेवली नाही.

२९ जुलै

वडिलांचा फोटो शाळेच्या ओसरीत लागला. किरागूकाकांनी स्वतःच्या हाताने लावला. "मुरिउकीचा नाही मिळाला," म्हणाले, "हा दोघांचा समजू." खाली मी लिहिलं — म्वानिकी, ट्रॅक्टर चालवणारा, १९५३ मध्ये नेला, परत आला नाही.

पहिलीतल्या मुलींनी विचारलं, "म्वालिमू, हे शूर होते?" म्हटलं, "होते."

आई बघायला आली नाही. गुडघे दुखतात म्हणे. गेल्या रविवारी चर्चला चढ चढून गेली होती.

९ ऑगस्ट

काही नाही. बाई गप्प.

मी आठवड्याला एक ओळ पाठवते. "वाट बघतेय. गाथोनी, म्वानिकीची मुलगी."

२२ ऑगस्ट

उत्तर! "तुम्ही मला झोपू देत नाही. हे कॉम्प्युटरवर लिहिणार नाही. हाताने पत्र लिहून रजिस्टरने पाठवलं आहे. कृपा करून एकटीने, बसून वाचा."

एकटीने! साठ वर्षं एकटीनेच चाललंय हे सगळं. आई एकटी, मी एकटी, किरागूकाका एकटे. आता नाही. उलट कळवलं, "गावाला शब्द दिलाय. सगळ्यांसमोर वाचणार."

तिचं एका ओळीचं उत्तर: "मग देव तुम्हाला बळ देवो."

देवाला कशाला मध्ये घेतेस बाई!

६ सप्टेंबर

पत्र आलं. जाड पाकीट. पोस्टातून घरी येईपर्यंत चारजणांनी विचारलं. सगळ्यांना रविवार सांगितलाय.

हाताला खाज सुटलीय. फोडणार नाही.

८ सप्टेंबर

चुलीत लाकूड सारायला वाकले आणि वळून बघते तर पाकीट आईच्या हातात! जाळणारच होती. मी हिसकावून घेतलं. आईच्या हातून — हिसकावून!

"आई, काय करतेस?"

"मेलेल्याला मेलेला राहू दे, गाथोनी."

"कसा मेला ते तरी कळू दे!"

"मी तुला एकटीने वाढवलं. कधी काही मागितलं का? हे मागते."

कधीच काही मागितलं नव्हतं, हे खरं. पण दिलं नाही. कशाला घाबरते ही? किहारा मेला, लॉरी गंजली, शिपायांचं राज्य गेलं. शब्द मी दिलाय, आणि तो मोडायला मी कुणी गोरा मळेवाला नाही.

१० सप्टेंबर, शनिवार

आई बोलत नाही. दुपारी तिने माझी निळी साखळी-टाक्याची ओढणी धुऊन वाळत घातली. उद्यासाठी.

वाइथाकाने ओसरीत, फोटोखाली टेबल मांडलंय. पत्र माझ्यापेक्षा त्यालाच वाचायची घाई! काही असो, मुरिउकीला फाशी देणाऱ्यांची नावं त्यात असली तर तीही वाचीन. पर्थची बाई दुखावेल? दुखावू दे.

११ सप्टेंबर, रविवार

वाचलं. एक शब्द गाळला नाही.

"पोत्यातला माणूस तुमचे वडील होते. त्या दिवशी गॅरेजमध्ये बाबांनी त्यांच्या डोक्यावरून पोतं काढलं तेव्हा मी दारात उभी होते. तुमचे वडील मला म्हणाले, माझ्या मुलीला सांगू नकोस. आठवड्याने बाबांनी त्यांना लॉरीतून सरहद्दीपलीकडे टांगानिकात पोचवलं, दुसरं नाव देऊन. १९७० पर्यंत दर नाताळला त्यांचं कार्ड येत होतं."

आई पहिल्या रांगेत. तिने मान खाली घातली नाही.

किरागूकाका उठले. मला वाटलं, निघून जातील. काठी टेकत टेबलापर्यंत आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ते पहिलं वाक्य परत वाच."

परत वाचलं. आधीपेक्षा मोठ्याने.