पहाटेचं नऊ

मु. पारगाव
कांदा लागणीचे दिवस, सन २००८

तीर्थस्वरूप अंबाबाई वन्सं, तुमच्या पायाशी धाकट्या भावजयीनं डोकं टेकवलंय असं समजावं. इकडं सगळी बरी आहेत, तुमचे बंधू दोन वेळा पोटभर जेवतात. तुमचे गुडघे कसे आहेत? तुमच्या आण्याच्या पठारावरचं वारं गुडघ्याला सोसत नाही, रुईचं पान शेकून बांधत जा. (मागल्या खेपेला तुम्ही एरंडाचं बांधलंत म्हणून उतार पडला नाही, हे मी तेव्हाच बोलणार होते, पण तुम्ही मोठ्या.)

पत्र एवढ्यासाठी की आपल्या घरात मोबाईल आला. विकत नाही घेतला. तुमच्या बंधूंच्या गालाला आतून पांढरा चट्टा आला होता, तो तुम्हाला कळवला नाही, तुम्ही रडत बसला असता. दवाखान्यात म्हणाले, तंबाखू सोडा, नाहीतर गाल कापायला पुण्याला जावं लागेल. तिथंच पुण्याहून वृषाली नावाची डॉक्टरीणबाई आली होती. वयानं आपल्या नातीएवढी, पण लई हुशार. तिचं काम असं, की तंबाखू सोडणाऱ्याला गोळ्या द्यायच्या आणि एक मोबाईल द्यायचा. तो दिवसातून चार वेळा वाजतो आणि आतली बाई विचारते, आत्ता तंबाखूची तलफ किती आहे, मुळीच नसेल तर शून्य दाबा, फार असेल तर नऊ दाबा. दाबलेला आकडा पुण्याला जातो आणि तिकडं कागदावर तुमच्या तलफेचे डोंगर निघतात. तलफ मोठी असली की तीच बाई समजावते, पाणी प्या, अंगणात फिरून या, थोड्या वेळानं उतरेल. आणि खरंच उतरते, वन्सं. मला तर त्या बाईचं लई कौतुक वाटतं. उभ्या जन्मात मला दिवसातून चार वेळा कुणी विचारलं नाही, की बाई तुला कसं वाटतंय. (सासूबाईंचा विषय मी काढत नाही.)

आता फोनला रेंज कुठं, तर फक्त न्हाणीच्या खिडकीत. म्हणून ह्यांनी तो फडक्यात बांधून तिथंच खिळ्याला टांगला. हे पहाटे पाचला मोटर चालू करायला शेतावर जातात, आणि फोन वाजणार नेमका पाचला. मी पाणी तापवायला तिथंच चुलीपुढं बसलेली, डाव्या तळव्यावर तुम्ही पाठवलेल्या डब्यातली मिश्री, उजवं बोट दातावर. पहिल्या दिवशी मी सांगितलं, "बाई, ते मोटरीवर गेलेत, मागनं विचारा." ती आपली पुन्हा तेच विचारते. दाराशी येऊन कुणी एवढ्या मायेनं विचारावं आणि आपण गप बसावं, हे मला जमत नाही. मिश्री म्हणजे तरी काय, भाजलेली तंबाखूच. तेव्हा मी माझं जे खरं होतं ते सांगितलं. नऊ. मग रोजच नऊ.

तीन आठवड्यांनी वृषालीबाई कागद घेऊन आली. पहाटे डोंगर आणि दिवसभर सपाट. म्हणाली, "आजोबा, पहाटे गुपचूप खाता ना? खोटं सांगणाऱ्याला यादीतून काढावं लागतं, मग गोळ्याही बंद होतात."

"म्या चिमूटभर खाल्ली न्हाई, पोरी," हे म्हणाले. आत जाऊन त्यांनी चंची आणली, चुन्याची डबी उघडून तिच्यापुढं उपडी धरली. आतून काही पडेना. चुन्याचा पार दगड झाला होता. "बघ. बोट लागलं न्हाई याला."

वन्सं, तुमच्या भावानं उभ्या आयुष्यात डबी कोरडी पडू दिली नव्हती हे तुम्हाला माहीत आहे. आणि माझ्या एका बोटापायी त्यांचा गाल जायची पाळी आली होती. मी पदर तोंडाला लावून म्हणाले, "त्यो आकडा माझा हाय."

"म्हंजे माझ्या फोनवर तू बोलत व्हतीस व्हय," हे म्हणाले. "तरी म्हणलं, नऊचंच बटण काळं कशानं झालं."

वृषालीबाई हसली नाही, हे तिचं मोठेपण. वही काढून तिनं विचारलं, "आजी, किती वर्षं लावता?" म्हटलं, लग्नाच्या आधीपासून. ती म्हणाली, आमच्या यादीत सगळे पुरुषच आहेत, बायांना विचारावं हे कुणाला सुचलंच नाही. तिथंच न्हाणीच्या खिडकीतून तिनं पुण्याच्या सरांना फोन लावला, आणि पुढच्या आठवड्यात माझ्या नावाचा दुसरा फोन आला. ह्यांचा चट्टा निम्म्यावर आलाय. मला मिश्री सोडून आज बारावा दिवस आहे. दोन फोन शेजारी शेजारी टांगलेत, हे आता पहाटेचा आकडा दाबूनच मोटरीवर जातात, वाजले की हे माझ्याकडं बघतात आणि मी त्यांच्याकडं.

घरात ज्याला जो शोभेल तो नमस्कार नाहीतर आशीर्वाद तुमच्या हातानं वाटून द्यावा.

तुमची भावजय
सारजाबाई

ता. क. वृषालीबाईला मिश्रीवाल्या बाया हव्यात. मी तुमचं नाव देऊन बसले. ती मंगळवारी आण्याला येईल, नाही म्हणू नका. मात्र मंगळवारच्या आत मिश्री सोडू नका, जिची आधीच सुटलीय तिला फोन देत नाहीत. तुमचा फोन आला की हे पत्र लिहायचं माझं काम वाचेल.

ता. क. तुमचा डबा शेजारच्या संपतबरोबर परत पाठवला आहे. थोडा रिकामा दिसेल. त्याबद्दल फोनला सगळं सांगून झालंय, आता तुम्हाला पुन्हा सांगत नाही.

ता. क. एक राहिलंच. माझ्या फोननं पहिल्या दिवशी विचारलं, तलफ आली की कुणाला हाक माराल, आवाजानंतर नाव सांगा. मी रीतीप्रमाणं उखाणा सुरू केला, नावापर्यंत पोचायच्या आत मशीन बंद पडलं. तीन वेळा असंच. चौथ्यांदा नुसतं नाव घेतलं. हे गोठ्यात होते, तिथून त्यांनी एका हाकेत ओ दिली. नाव काय ते इथं लिहीत नाही, तुमच्या भावाचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हापासून तलफ आली की हाक मारायची, असा नेम आहे. आज पहाटे माझा आकडा शून्य होता. तरी मी हाक मारली. फोनला हे कळवलेलं नाही.