चार बोटं खिडकी

व्हँकूव्हर, १२ जुलै

प्रिय बाबा,

मी धडधाकट आहे, जेवणही वेळेवर होतं. तुमचा गुडघा काय म्हणतो?

इमारत किती तापेल ते आधीच कॉम्प्युटरवर काढायचं, हे माझं काम. इथल्या एका वृद्धाश्रमाचं गणित माझंच. उकडलं की माणसं खिडक्या सताड उघडतील, असं मी धरलं होतं. परवाच्या उष्णतेच्या लाटेत तिथले चौघे उकाड्याने गेले.

काल जाऊन आले. कुणी खाली पडू नये म्हणून तिथल्या खिडक्या चारच बोटं उघडतात. डोरीन नर्स म्हणाली, "बाई, आधी एकदा येऊन खिडकी उघडून तरी बघायचीत!"

माझ्या कॉम्प्युटरमध्ये ते चौघे अजून वाऱ्याला बसलेत.

बाबा, तुमच्या विनिपेगच्या आश्रमात खिडकी किती उघडते? बोटं लावून बघा. लगेच फोन करा.

वाट बघणारी,
मॅरिट