घरासोबत आलेले कप्तान

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकली, उरलेली दोन या पत्रातून पोचली असं समजावं.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला की अजून त्यावरून शेजाऱ्यांना वेळ कळते? आम्ही तिघंही खुशाल आहोत. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुम्ही कानातलं यंत्र खिशात ठेवता. मागच्या वेळी मी तीनदा ओरडून "घर घेतलं" म्हणालो, तर तुम्ही "कोण गेलं?" असं विचारून मामींना हाक मारलीत, आणि पुढची दहा मिनिटं मला तिकडचं रडणं ऐकावं लागलं. कोणीही गेलेलं नाही. उलट आमच्याकडे एक जण जास्त आहे, आणि पत्रास कारण तेच.

तुम्ही दोघं पुढच्या महिन्यात तीन महिन्यांसाठी यायचं म्हणताय, आणि नव्या घरातली वरची खोली मी तुम्हाला कबूल केली आहे. खोली आहे. तिला खिडकी आहे, खिडकीतून समुद्राची एक रेघ दिसते. खाटही आहे. फक्त खाटेवर माणूस आहे.

तर मुळापासून सांगतो. अकरा वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर ही एक दिवस म्हणाली, "भिंतीला खिळा मारायचा तरी मालकाला विचारायचं. मला आता माझ्या भिंतीत माझा खिळा मारायचाय." खिळ्यासाठी घर घ्यायचं ठरलं. मी दिवसभर कारखान्यात लोकांच्या कवळ्या बनवतो हे तुम्हाला ठाऊकच आहे, आणि दलाल निवडताना मी तीच विद्या वापरली. दलाल हसला तेव्हा त्याचे वरचे चार दात आमच्या कारखान्यातले निघाले. म्हटलं, आपल्या हातच्या दातांतून खोटं कसं येईल? (येतं, मामा. दाताचा त्यात काही संबंध नसतो.) त्याने पहिलं घर दाखवलं त्याचा जिना कपाटातून वर जात होता. दुसरं फार सुरेख, पण भिंतीपलीकडे तुतारी शिकवण्याचा वर्ग. तिसरं घर मात्र आत पाऊल टाकताच हिला आवडलं. तिने भिंतीवर बोटाने टकटक केली आणि "इथे" म्हणाली. म्हणजे खिळा.

हे घर परदेशी लोकांच्या वसाहतीत आहे. चार रांगा, मध्ये हिरवळ, हिरवळीवर पाय ठेवायला मनाई. राहणारे सगळे कुठून कुठून आलेले, त्यामुळे सगळेच परके आणि म्हणून कोणीच परकं नाही. घर घेण्याआधी वसाहतीच्या समितीपुढे मुलाखत द्यावी लागते. अध्यक्षीणबाई निवृत्त न्यायाधीश आहेत, त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "घरात कोणी वाद्य वाजवतं का?" मी नाही म्हणायच्या आत ही म्हणाली, "वाजवत नाहीत, पण हे घोरतात." (ती खोटं बोलत नाही. लग्न ठरवताना हा गुण म्हणून सांगितला होता.) बाईंनी ते लिहून घेतलं आणि आम्ही पास झालो.

घर विकणारे गृहस्थ म्हणजे एका मालवाहू जहाजाचे निवृत्त कप्तान. वय अठ्ठ्याहत्तर, बायको सहा वर्षांपूर्वी वारली, मूलबाळ नाही. जहाजावरचे त्यांचे निम्मे खलाशी आपल्याकडचे होते, त्यामुळे त्यांना मोजून चाळीस मराठी शब्द येतात (बाकी बोलणं इथल्या भाषेत चालतं). त्यातले तीस हुकूम आहेत. उरलेले दहा मी पत्रात लिहू शकत नाही, अपवाद फक्त एका शब्दाचा. त्यांचा म्हातारा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, हात जोडून, मान लववून त्यांना रोज "बरं, गाढवा" म्हणायचा. ते सन्मानाचं संबोधन असावं असा कप्तानांचा पंचवीस वर्षं समज आहे. पहिल्या भेटीत माझा हात हातात घेऊन ते अत्यंत आदराने म्हणाले, "या, गाढवा, बसा." ही इतकी हसली की घराचा सौदा तिथेच पक्का झाला. त्यांचा समज मी आजवर दूर केलेला नाही. एवढ्या प्रेमाने मला दुसरं कोणी बोलावत नाही.

करारनामा बावन्न पानांचा होता. मी पहिली चार आणि शेवटचं एक पान वाचलं. (तुम्ही असता तर बावन्न वाचली असतीत आणि दुरुस्त्याही केल्या असत्या, कळतंय मला.) एकतिसाव्या पानावर लिहिलं होतं की विक्रेत्याची पुढची सोय होईपर्यंत त्याचं सामान आणि विक्रेता घरात राहू शकतील. आम्ही ट्रकभर खोकी घेऊन दारात उतरलो, तर दार कप्तानांनी उघडलं. अंगात एप्रन, हातात पळी. म्हणाले, "पाय पुसा." मला वाटलं, किल्ल्या द्यायला थांबलेत. सूप केलं होतं, ते आम्ही प्यालो. चांगलं होतं. मग ते उठले, भांडी धुतली, आणि "काही लागलं तर हाक मारा" असं म्हणून आमच्याच घराच्या जिन्याने वर निघून गेले. ही माझ्याकडे बघत राहिली. मी धुतलेल्या पातेल्याकडे बघत राहिलो.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. समुद्राकडच्या रस्त्यावर वृद्धांसाठी निवास बांधला जातोय, त्यात त्यांनी खोली घेतली आहे, पण तिसऱ्या मजल्याचा गिलावा व्हायचाय. मी विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "गवंडी सांगेल तितके." आता गवंडी कुठल्याही देशातला असो, मामा, तो काय सांगतो हे तुम्हाला ठाऊक आहे.

हिने त्या दिवसापासून कप्तानांशी अबोला धरला. "त्यांना सांग, चपलांचं कपाट आपलं आहे." मी सांगायचो. "तिला सांगा, दमट बाजूला चपला ठेवू नका, बुरशी धरते." तेही मी सांगायचो. ते दोघं एकाच टेबलाशी, एकमेकांच्या समोर, आणि मध्ये मी, मीठ आणि निरोप दोन्ही पुढे सरकवत. दर शनिवारी ही त्या बांधकामावर जाऊन उभी राहायला लागली. आधी नुसती बघायची. मग गवंड्याला विचारायला लागली. मग थर्मासमधून चहा न्यायला लागली, आणि चहाच्या जोरावर हुकूम सोडायला लागली. ठेकेदार तिला मालकीण समजून टोपी काढायचा म्हणे. इकडे कप्तानांनी फ्रिजवर कामांच्या पाळ्यांचा कागद लावून टाकला. माझ्या वाट्याला कचरा, आठवड्याचे सातही दिवस.

सहाव्या आठवड्यातला रविवार, सकाळचे नऊ. ओट्याखालचा नळ ठिबकत होता. घराचा मालक म्हणून पाना घेऊन मी खाली शिरलो आणि एक पिळा दिला. (उलटा.) नळ माझ्या हातात आला आणि पाणी माझ्या तोंडावर. मी आत अडकलो, ही माझे दोन्ही पाय धरून बाहेर ओढतेय, आमची चिंगी स्टुलावर चढून "बाबा बुडतोय!" म्हणून किंचाळतेय, आणि पाणी दिवाणखान्याच्या उंबऱ्याशी पोचलेलं. तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "सोड!" आंघोळीचा झगा, डोक्यावर कप्तानाची टोपी. सहा आठवडे न बोललेली ही ओरडली, "काय सोडू?" कप्तान म्हणाले, "त्याला सोड! उपयोग नाही!"

मामा, तिने सोडलं. क्षणाचाही विचार न करता. मग "खेच", "दाब", "धर", "आण" अशा चाळीस शब्दांतल्या चार शब्दांवर त्या दोघांनी जिन्याखालचं पुस्तकांचं कपाट हलवलं, त्यामागची मुख्य चावी बंद केली आणि सगळी जमीन कोरडी केली. मी ओट्याखालूनच बघत होतो. शेवटी कप्तानांनी हिला सलाम ठोकला. हिने पदराला नाही, विजारीला हात पुसले आणि उलट सलाम ठोकला. त्या दिवसापासून मीठ थेट जायला लागलं.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती लिहिताना थट्टा सुचत नाही. घर बदललं म्हणून चिंगीची शाळा बदलली. नऊ वर्षांची पोर, महिनाभर डबा जसा नेला तसा परत आणायची. विचारलं की म्हणायची, पोटात दुखतं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. शिक्षिका म्हणाल्या, वेळ द्या. मी जवळ बसवून विचारलं तेव्हा म्हणाली, "बाबा, एकटीने डबा खाताना चावल्याचा आवाज मलाच ऐकू येतो." कप्तान तिथेच वर्तमानपत्र वाचत होते, त्यांना आमचं मराठी किती कळलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी ते गणवेश घालून, सोनेरी बटणं लावून तिला शाळेत सोडायला निघाले. फाटकाशी टाचा जुळवून त्यांनी तिला कडक सलाम केला. लाजत तिनेही केला. तिसऱ्या दिवशी सलाम घ्यायला आणखी दोन मुली उभ्या राहिल्या. आता अकरा मुलं रांगेत असतात आणि रांग कोणी कशी लावायची ते चिंगी ठरवते. डबा रिकामा येतो. कधी कधी त्यात दुसऱ्याच कुणाचा अर्धा केक येतो. पहिला रिकामा डबा आला त्या संध्याकाळी ही तो कितीतरी वेळ घासत उभी होती, नळ सोडून. वरून आवाज आला, "नळ!" आणि हिने मुकाट्याने बंद केला.

तर असं आहे. निवासाचं काम रेंगाळलंय, कप्तानांची खोली काही तयार व्हायला तयार नाही, आणि तोवर या वयातल्या माणसाला जा तरी कसं म्हणणार? तेव्हा तुमचं येणं चार-सहा महिने पुढे ढकलावं, ही विनंती. मामींना माझा नमस्कार, आणि रागावू नका म्हणावं, किंवा रागावून झाल्यावर तसं कळवा.

तुमचा आज्ञेत असलेला, वरच्या खोलीपुढे मात्र काही न चालणारा,
भाचा

ता. क. – वर मी एक खोटं लिहिलं आहे, ते पोटात राहत नाही. निवासाची खोली तयार आहे. हिने दर शनिवारी चहा पाजून एवढी घाई केली की इमारत ठरल्यापेक्षा दोन महिने आधीच उभी राहिली. तसं पत्र कप्तानांच्या नावे एकोणीस दिवसांपूर्वी आलं. पेटीतून मीच काढलं. ते सध्या कारखान्यात, कवळ्यांच्या साच्यांच्या खणात आहे. तुम्ही छत्तीस वर्षं पोस्टमास्तर होतात म्हणून विचारतो, दुसऱ्याचं टपाल दाबून ठेवणं हा किती मोठा गुन्हा होतो? आणि एखादं पत्र आपोआप उशिरा पोचल्यासारखं दिसावं, अशी काही सोय तुमच्या खात्यात असते का? खरं तर हे पत्र त्याचसाठी लिहायला घेतलं होतं. उत्तर घरी पाठवू नका, कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवण्याआधी हिने पत्र वाचलं. (शुद्धलेखन बघते म्हणाली.) मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. तिने पत्राची घडी घातली. मग उठली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक लिफाफा काढून माझ्यापुढे ठेवला. निवासाचं स्मरणपत्र, मागच्या मंगळवारचं. तेव्हा गुन्हा नवरा-बायको मिळून केला तर निम्मा होतो की दुप्पट, तेही कळवावं.

ता. क. तिसरा – आता काही कळवू नका. आज सकाळी न्याहारीला कप्तानांनी घसा साफ केला आणि म्हणाले, मला तुम्हाला एक सांगायचंय, राग मानू नका. निवासातून त्यांना पंधरा दिवस फोन येताहेत. त्यांनी सोमवारीच खोली सोडली, दुसऱ्या कुणाला देऊन टाका म्हणून कळवून टाकलं. तिथल्या बाईंना कारणही दिलं, "ज्यांच्याकडे राहतो ती माणसं चांगली आहेत, पण त्यांना नळ बंद करता येत नाही." हे आम्हाला कसं सांगावं, याच काळजीत ते चार दिवस होते. मग बशीकडे बघत त्यांनी विचारलं, राहू का?

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी कपाळाला आठी घातली, छताकडे बघितलं, फार मोठा पेच पडल्यासारखा चहा ढवळत बसलो, आणि उपकार केल्यासारखं म्हणालो, "बरं. राहा."

ते वर गेल्यावर ही मला म्हणाली, "फारच लवकर हो म्हणालास. निदान चहा तरी संपू द्यायचा."