गुंगीतला शब्द

सांगली, ४ जानेवारी २०२६

चि. लालासाहेब यास अंबूअक्काचे अ. उ. आ.

तुला फोन केला की तू तो स्पीकरवर टाकतोस आणि अर्धी गल्ली ऐकते, म्हणून हे पत्र. सतरा वर्षं फौजेत काढलेला माझा भाऊ दाढ काढायला भितो, हे गल्लीला कशाला कळायला पाहिजे? सुईचं नाव काढलं की तू उसाला पाणी पाजायला निघतोस म्हणे, तेही लाइट नसताना.

माझी दाढ गेल्या महिन्यात गुंगीचं औषध देऊन काढली. ती पुरती भूल नसते रं. डॉक्टर म्हणतील तेव्हा आपण आ करतो, फक्त भीती लांब जाऊन बसते आणि नंतर फारसं आठवत नाही. बोटाला चिमटा लावून सारखं लक्ष ठेवतात. पण आधी सगळं खरं सांगायचं: बीपीच्या गोळ्या, तंबाखू, आणि जोतीरामाच्या मळ्यावर बसून जे घेतोस तेही. सांगतील तितके तास उपाशी राहायचं. सोबत घरचं मोठं माणूस न्यायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही, सही करायची नाही, कसला निर्णय घ्यायचा नाही.

सोबत राजनंदिनीला ने. लेकीशी महिनाभर धड बोलला नाहीस. फौजेत निवड झाली म्हणून तिनं पेढे आणले आणि तू भावकीसमोर गरजलास, की माझी पोर जाणार नाही. एक फेब्रुवारीला तिला हजर व्हायचंय. तू जा म्हटल्याशिवाय ती उंबरा ओलांडणार नाही, हे तुलाही माहीत आहे.

गालाची सूज उतरो, डोक्यातलीही उतरो.
तुझी अक्का

&nbsp;

कोरेगाव, ९ जानेवारी

ती. अक्कास लालासाहेबाचा शि. सा. न.

मी भितो असं कुनी सांगितलं? कमरेएवढ्या बर्फात मी पोस्ट सोडली न्हाई. सुईचं तेवढं येगळं हाय. आन् गुंगीत मानूस बडबडतंय म्हनं. पोरीपुढं माझ्या तोंडातनं काय निघंल, मलाच ठावं न्हाई.

तिकडची थंडी काय असती, घर कसं आठवतं, हे मी भोगलंय, तिनं न्हाई. आन् चार मानसांत बोललेलं मागं घेऊन तोंड कुठं दाखवू? दाढ मातर लय ठनकतीया. सातारच्या डॉक्टरीनबाईंनी सोळा तारीख दिलीया. राजीला नेतो, तुझ्यासाठी.

लोभ हाय तसा असू दे, दम देनं कमी कर.
तुझा लालासाहेब

&nbsp;

कोरेगाव, १६ जानेवारी, संध्याकाळ

ती. आत्यास राजनंदिनीचा सा. न.

आबांची दाढ निघाली. डॉक्टरांनी सूचनांचा कागद आधीच माझ्या हातात दिला होता. आबा बाहेर आले ते भिंत धरून, गालात कापूस. त्यांना मागच्या सीटवर बसवलं आणि मी गाडी चालवली. माहुलीच्या पुलावर ते एकाएकी म्हणाले की राजी, तू जा, फौजेत जा, बापाचं ऐकू नकोस. आणि रडायला लागले. आत्या, आबांना रडताना मी कधीच बघितलं नव्हतं. गाडी बाजूला घ्यावी लागली.

आनंदानं उड्या माराव्यात असं वाटलं आणि मग तो कागद आठवला. चोवीस तास कसला निर्णय नाही. गुंगीतल्या माणसाचा शब्द घेऊन मी निघाले तर ती चोरीच की. उद्या चोवीस तास पुरे झाले की विचारणार. नाही म्हणाले तर नाही. रडायचं नाही असं ठरवलंय, बघू.

आशीर्वाद असू द्या, उद्या तर जास्तच.
तुमची राजी

&nbsp;

कोरेगाव, १८ जानेवारी

ती. अक्कास शि. सा. न.

राजीनं तुला सगळं कळवलं आसंल. काल बरोबर अडीचला घड्याळ बघून पोरगी पुढ्यात उभी. काल काय बोललात ते आठवतंय का, म्हनली. मी सांगितलं, कायबी आठवत न्हाई, पर लालासाहेबाचा शब्द हाय, गुंगीत दिला तरी फिरायचा न्हाई. भावकीलाबी तेच सांगून सगळं औषधावर ढकललं.

आता खरं सांगतो, वाचून फाडून टाक. निघताना तुझ्या भावजयीनं सवयीनं हातावर दही-साखर ठेवली आन् मी सवयीनं चाटली. राजी बाहेर गाडी वळवत हुती. शेवटचं कवा खाल्लं, असं डॉक्टरीनबाईंनी इचारलं, तवा खोटं बोलवंना. त्या म्हनल्या, आज गुंगी न्हाई, उलटी होऊन श्वासात गेली तर जिवावर बेतंल, दुसरी तारीख घ्या. मी म्हनलं, आज माघारी गेलो तर परत यायचो न्हाई. मग दाढेपुरतंच बधिर करून काढली. सुई बघितली, डोळं मिटलं आन् खुर्ची धरली. पोरीला सांगू नका म्हनलं, तर म्हनल्या, इचारलं तर खोटं सांगनार न्हाई. पोरीनं इचारलंच न्हाई.

म्हंजे पुलावर मी पुरता शुद्धीत हुतो, अक्का. भिंत धरली ते सोंग. रडनं तेवढं खरं. दुसऱ्या कुठल्या रीतीनं जा म्हनायला गेलो असतो, तर नको जाऊ असंच तोंडातनं आलं असतं.

एकतीसला तिला पुन्यापर्यंत सोडायला जानार हाय. तू संगट ये. परतीला मला एकट्याला गाडीत बसवनार न्हाई.
तुझा लालासाहेब