खरवईच्या मैदानात उघडलेली बॉनेटं

अंबरनाथ,
मंगळवार, १६ जानेवारी

प्रिय शलाका,

सप्रेम जय भीम.

माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, तेवढंच. पत्र कोण लिहितं हल्ली, असं ती म्हणाली. पण तुला माहीत आहे, फोनवर मला दोन वाक्यांच्या पुढे जमत नाही. आणि गेली दोन वर्षं तर तीही झाली नाहीत. तू आईला फोन करतेस, ती स्पीकर लावते, मी पेपर वाचत असल्यासारखा बसतो. तुला वाटत असेल, पप्पा ऐकतसुद्धा नाहीत. मी सगळं ऐकतो. तू आणि तुझ्या भागीदार चंदरने उल्हासनगरात कॅम्प दोनला गॅरेजसाठी शटर घेतलं ते ऐकलं. ती जुनी एस्टीम गाडी भंगारात जाता जाता तू वाचवलीस, इंजिन खाली उतरवून एकेक बोल्ट घासून काढलास, तेही ऐकलं. आणि मागच्या आठवड्यात तू आईला म्हणालीस, रविवारी सकाळी बदलापूरला खरवईच्या मैदानात सगळे आपापल्या गाड्या घेऊन जमणार आहेत, बॉनेट उघडून एकमेकांना इंजिन दाखवणार आहेत, तेही ऐकलं.

रविवारी मी आईला सांगितलं, बदलापूरला चष्म्याचं बघून येतो. तिने विचारलं नाही की रविवारी सकाळी सातला कोणता चष्मेवाला दुकान उघडतो. नुसता मफलर आणून दिला.

मैदानाजवळ रिक्षातून उतरलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की नव्या बिल्डिंगींचे फक्त वरचे मजले दिसत होते, जणू खाली काही नाहीच. मी आवाजाच्या अंदाजाने चालत गेलो, पण आवाजही नव्हता. एवढ्या गाड्या म्हणजे भोंगे, गाणी, धूर असणार अशी माझी समजूत. तिथं तीस-पस्तीस गाड्या रांगेत उभ्या, सगळ्यांची बॉनेटं वर, इंजिनं बंद, आणि माणसं हलक्या आवाजात बोलत होती. पाळण्यात झोपलेलं बाळ बघायला जमल्यावर बोलतात ना, तसं. आधी मला रंगच दिसले. धुक्यात लाल, मग पिवळा, मग एक असा निळा की मी थांबलोच. मी कंपनीत चौतीस वर्षं इंजिनं, पंप, कॉम्प्रेसर उघडले, पण माझ्यासाठी इंजिन म्हणजे काळं, तेलकट, तापलेलं आणि रागावलेलं काहीतरी. इथं ती अशी स्वच्छ आणि शांत होती की आपण अजून झोपेतच आहोत, असं मला वाटत राहिलं. एक बदलापूरचा डेंटिस्ट होता, त्याचं सगळं इंजिन पांढरं. तो प्रत्येकाला वाकून आतला पाइप न् पाइप दाखवत होता, आणि बघणारेही तोंड उघडून बघत होते. मी एकटाच हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो असेन.

तुझी गाडी शेवटून तिसरी होती. तू पाठमोरी होतीस, केस वर बांधलेले, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. पाने ठेवायची जीन्सच्या कापडाची गुंडाळी मडगार्डवर पसरलेली होती. कॅम्प तीनच्या जीन्सच्या कारखान्यातून शिवून घेतल्याचं तू आईला सांगितलं होतंस, तीच असणार. मी टोपी खाली ओढली आणि चार-पाच माणसांच्या मागे उभा राहिलो. कुणीतरी विचारलं, "मॅडम, वायरी कुठं गायब केल्या? एक पण दिसत नाही." तू म्हणालीस, "गायब नाही केल्या, आतून फिरवल्यात. लपवायच्या आधी कुठली वायर कुठं जाते ते पाठ पाहिजे, नाहीतर लपवून उपयोग काय?" शलाका, हे वाक्य मी माझ्या खात्यातल्या नव्या पोरांना शिकवता शिकवता थकलो, आणि तू ते असं सहज बोलून गेलीस. तुझ्या इंजिनचं वरचं झाकण गडद हिरवं, त्याच्यावर बोल्टची डोकी पितळेसारखी, बाकी सगळं करडं. कुठं भपका नाही. नजर ठरते, मग हळूहळू आत उतरते. मी किती वेळ बघत होतो मला सांगता येणार नाही. धुकं विरत गेलं आणि मागे डोंगराची कड दिसायला लागली, तरी मी तिथंच.

आणि मग मला तो पाइप दिसला. पेट्रोलचा बारीक रबरी पाइप, मागच्या बाजूला, एक्झॉस्टपासून वीतभर अंतरावर, पत्र्याच्या एका पट्टीच्या कडेला टेकलेला. तिथं सगळंच चमकत होतं, पण रबराला आलेली ही चमक वेगळी. घासून घासून येते ती. समोरून दिसली नसती. मी सरकत सरकत बाजूला, टायरजवळ आलो होतो म्हणून दिसली. पुढे होऊन तुला हाक मारायची, एवढंच होतं. ते मला झालं नाही. माझ्या तोंडून दोन वर्षांनी निघणारा पहिला शब्द तुझ्या कामातली चूक असावा, तोही इतक्या लोकांसमोर? मी वळलो, रस्त्यापर्यंत गेलो. शेअर रिक्षात एक सीट रिकामी होती, तीत बसलोसुद्धा. रिक्षावाल्याने किक मारली आणि मी त्याला थांबवून उतरलो.

चंदर चहाच्या टपरीवर उभा होता. फोटोत पाहिला होता म्हणून ओळखला, तो मला ओळखत नव्हता. मी म्हटलं, "त्या हिरव्या इंजिनवाल्या गाडीचा पेट्रोलचा पाइप घासतोय. आत्ताच्या आत्ता बघा. तोवर गाडी चालू करू देऊ नका." तो म्हणाला, "अंकल, सब चेक किया है, पण चला, दाखवा ना." मी त्याला लांबूनच बोटाने जागा सांगितली. तो गेला, वाकला, आणि तिथूनच ओरडला, "शलाका, इकडे ये! अरे, वो अंकल सही बोल रहे थे!" मी एका टेम्पोच्या आडोशाला गेलो. तू टॉर्च घेऊन आत डोकं घातलंस. मग तू तो पाइप काढलास आणि जमलेल्या सगळ्यांना वर धरून दाखवलास. "हे बघा, अर्धा कापला गेलाय. पाच-पन्नास किलोमीटर अजून गेले असते तर पेटलो असतो. माझी चूक. पट्टीची कड मी गोल करायला पाहिजे होती." कुणी हसलं नाही. तो डेंटिस्ट आपल्या डिकीतून नवा पाइप घेऊन आला. तू कड कानशीने घासलीस, पाइप लांबून फिरवलास, दोन क्लिपा मारल्यास, गाडी चालू केलीस. पाऊण तास लागला. ते अंकल कुठं गेले, म्हणून तू चंदरला विचारलंस, तेही मी ऐकलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. तुला माझ्या खात्यातला हरिचंद्रकाका आठवतो का? तू तीन वर्षांची होतीस, तो तुला खांद्यावर घेऊन कंपनीच्या गेटपर्यंत यायचा. तो कोकणात गावी गेला, असं आम्ही तुला सांगितलं. तो गावी गेलाच नव्हता. आमच्या खात्यातल्या प्रेसचा तेलाचा पाइप असाच एका कडेला घासत होता. सकाळी मी तो पाहिला होता. आदल्याच आठवड्यात सुपरवायझरने मला सगळ्यांसमोर झापलं होतं, तुझं काम नाही त्यात नाक खुपसू नकोस म्हणून. मी गप्प बसलो. म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत हळूच सांगेन. साडेअकराला पाइप फुटला, तेल प्रेसच्या तापलेल्या साच्यावर उडून पेटलं, आणि समोर हरिचंद्र उभा होता. तो त्यानंतर नऊच दिवस जगला. मी हे आईलासुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही. त्यानंतर मला यंत्राशेजारी माझं माणूस उभं बघवेना. तू गॅरेजच्या कामासाठी नोकरी सोडलीस त्या दिवशी मी म्हणालो, ग्रीसचे हात करायला तुला शिकवलं नव्हतं. तुला वाटलं, मला लाज वाटते. लाज नव्हती, पोरी, भीती होती. पण भीती सांगायची तर हरिचंद्रचं सांगावं लागलं असतं, म्हणून मी तुला रागावलेला बाप दाखवला. तो जास्त सोपा होता. रविवारी तू तो कापलेला पाइप वर धरून चारचौघांत "माझी चूक" म्हणालीस. मला ते सव्वीस वर्षांत जमलं नव्हतं. तुझ्याकडून शिकून आज लिहितोय: तेव्हाही माझी चूक होती, दोन वर्षांपूर्वीही माझीच. हे पत्र आई डब्याबरोबर आणून देईल. उत्तर लिहू नकोस, आपल्या दोघांनाही ते जमत नाही. येत्या रविवारी मी कॅम्प दोनला येतोय. शटर अर्धं जरी वर दिसलं, तरी वाकून आत येईन.

तुझाच,
पप्पा