मिठागराजवळची झोपडी

३ मार्च

नावाडी भिंतीतून बाहेर आला एकदाचा. सकाळपासून त्याच्याच मागे होतो. वीस वर्षं बंदराच्या भिंतीत चिणलेला, नुसती टोपी बाहेर. गेम बनवणाऱ्यांनी एक आकडा चुकवला होता, बस्स. तो बदलला, गेम चालू केला, तर पठ्ठ्या धक्क्यावर उभा — हातात वल्हं घेऊन. तोंड पहिल्यांदाच पाहिलं त्याचं. बरा आहे दिसायला.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मनोंग तिबॉयच्या, म्हणजे तिबॉयदादाच्या गेमच्या दुकानात आम्ही सगळे त्या टोपीला सलाम ठोकून पुढे जायचो. नाही ठोकला तर होडी बुडते, असं कुणीतरी उठवलं होतं. इथे इलोइलोत, ला पाझच्या बाजारासमोर दहा कॉम्प्युटर, दोन पंखे, बाहेर बाचोयच्या, शेवयांच्या सूपच्या पातेल्याचा वास, आणि दहाही कॉम्प्युटरवर 'करडं बेट' — कुठल्याशा ओरखडे पडलेल्या सीडीवरून चढवलेलं. वीज गेली की दहा जण एकदम ओरडायचे. आता तिथे पिण्याच्या पाण्याचे जार भरून मिळतात. मी परवा तिथून जार आणला आणि उगाच पंखा कुठे होता ते बघत उभा राहिलो.

मारिजेलला ती टोपी कधीच दिसणार नाही. तिच्यासाठीच तर काढला ना त्याला बाहेर.

५ मार्च

मारिजेल म्हणजे शेजारच्या तिया मर्लीची, मर्लीमावशीची भाची. दोन वर्षं झाली तिला इलोइलोत येऊन. दोन वर्षं मी तिच्याशी भात, वीज आणि पाऊस याबद्दल बोलतोय. म्हाताऱ्यांची काळजी घ्यायचा कोर्स झालाय, जपानची, ओसाकाच्या नोकरीची कागदपत्रं यायचीत. १४ मेचं विमान.

गेल्या आठवड्यात म्हणाली, "तुम्ही पोरं त्या दुकानात बसून इतकं करत काय होता रे?"

म्हटलं, सांगून नाही कळायचं. खेळावं लागतं.

"मग दे लावून."

दिलं लावून. पडदा ताणलेला, माणसं सगळी बुटकी नि जाडी. गुहेतून बाहेर पडली की गेम बंद. तिसऱ्यांदा सुरू केला तर ती बंदरावरच जमिनीतून खाली पडली, पडतच राहिली. "छान आहे," म्हणाली. "संपतं कधी हे पडणं?"

८ मार्च

मनोंग तिबॉयकडे गेलो. दुकान गेलं तरी माणूस तोच आहे, बनियनवर, कानावर पेन्सिल. जुन्या खेळाडूंचा ग्रुप तोच चालवतो. नव्यांसाठी एक गठ्ठा करायचा चाललाय आमचा — एकदा चढवला की गेम नीट चालला पाहिजे. दुरुस्त्या मी करतो, तो तपासतो.

मी नवी झाडं, नवे चेहरे, नवं पाणी असं सगळं टाकून नेलं होतं. त्याने बघितलं आणि काढायला लावलं.

"तोतो, नवख्याला काय हवं? गेम बंद पडू नये. संपलं. हा नटवानटवीचा सोस तुझा तुला ठेव."

म्हटलं, पाणी किती भंगार दिसतं जुनं.

"आपल्याला दिसलं होतं का भंगार?"

नव्हतं दिसलं.

निघताना पुन्हा बजावलं — एकदा माणूस खेळायला बसला की त्याच्या पॅचला, चढवलेल्या दुरुस्त्यांना हात लावायचा नाही. चूक दिसली तर पुढच्या खेळाडूसाठी दुरुस्त कर. मी बारा वर्षांचा असल्यापासून तो मला हे सांगतोय.

१२ मार्च

सुरू झाली. आमच्या ओट्यावर, दुपारी, भांडी झाल्यावर. पहिल्याच रस्त्यावर खेकड्याने मारलं. "मी एस्तान्सियाची आहे. आमच्या कोळ्यांच्या गावात खेकड्याच्या हातून कुणी मरत नाही." चार वेळा मेली. पाचव्यांदा त्याला मारून त्याचं मांस पिशवीत टाकलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला पाणी प्यायला आत जावं लागलं.

१९ मार्च

नावाड्याशी बोलली. मी मनातल्या मनात सलाम ठोकला.

२६ मार्च

गेममधलं राजाचं पत्र पोचवायचं सोडून बाई थाळ्या गोळा करतेय. गेल्या आठवड्यापासून. मिठागराजवळ एक ओसाड झोपडी आहे, आम्ही कुणी तिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. तिथे नेऊन मांडते. म्हटलं, राजा वाट बघतोय. "बघू दे. माझ्यामुळे अडलंय का त्याचं?"

टेबल खिडकीखाली सरकवलं. तीन बरण्या फळीवर, मोठी मधे. माशांची टोपली खुंटीला. थाळ्या उपड्या. मी विचारलं उपड्या का, तर म्हणाली, "पाली फिरतात." करड्या बेटावर पाली नाहीत. मग कळलं.

"एस्तान्सियाला आमचं असं होतं," म्हणाली. वादळात घर गेलं तेव्हा दहा वर्षांची होती ती. नुसते खांब राहिले. फोटोसुद्धा नाही एक. आई-वडिलांना विचारलं तर वडील म्हणतात टेबल दाराजवळ, आई म्हणते चुलीजवळ. "मला आठवतं. खिडकीखाली होतं."

तोंडाला आलं ते बोललो — की मूळ गेममध्ये या झोपडीतल्या वस्तू तीस दिवसांनी नाहीशा होतात, पण आमच्या पॅचने ते थांबवलंय.

"म्हणजे इथलं जाणार नाही?"

"नाही. मी सांगतो ना."

४ एप्रिल

आई म्हणाली, कॉलेजात असा चिकटून बसला असतास तर आज जहाजावर असतास. बाबांसारखा. मी म्हटलं, सर सगळ्या वर्गासमोर माझ्या वह्यांना रद्दी म्हणाले, मी ती रद्दी त्यांच्या टेबलावर आपटून आलो, आणि परत तेच करीन. आई म्हणाली, "करशील रे. त्याचीच भीती आहे."

मारिजेल ओट्यावर होती. सगळं ऐकलं. हातातला अर्धा पानदेसाल पाव माझ्यापुढे सरकवला.

९ एप्रिल

सांगायचं ठरवलंय तिला. जायच्या आधी. झोपडी पूर्ण झाली की.

१५ एप्रिल

डोकं सटकलंय. सेबूचा एक शहाणा ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहितो — मिठागराच्या झोपडीची दुरुस्ती म्हणजे घिसाडघाई, ठिगळ लावलंय नुसतं, पोराने आधी शिकून यावं. शिकून यावं! मनोंग म्हणाला सोड. मी सोडणाऱ्यांतला आहे का?

तीन तासांत सगळं मुळापासून नवं केलं. जुनी झोपडी काढून टाकली, तिच्या जागी नवी, स्वच्छ, नियमात बसणारी. टाकली ग्रुपवर. आता बोल म्हणावं.

मारिजेलचा लॅपटॉप पंख्यातली धूळ काढायला माझ्याकडेच होता. त्याच्यावरही नवं चढवून टाकलं. तिच्याकडे का जुनं राहावं?

१६ एप्रिल

झोपडी रिकामी आहे.

१७ एप्रिल

काल पुढे लिहवलं नाही.

ती आत गेली, काही नाही. टेबल नाही, बरण्या नाहीत, टोपली नाही. भिंती फक्त. तिला वाटलं सामान परत येईल, म्हणून बाहेर आली, सेव्ह केलं, परत आत गेली. नवखी माणसं एकाच जागी सेव्ह करतात, आधीच्या सेव्हवरच. मीही करायचो. आता जुना पॅच परत चढवूनही उपयोग नाही. गेमच्या लेखी ती झोपडीच उरलेली नाही जिच्यात तिने सामान ठेवलं होतं. मी काढून टाकलेली. माझी ती नवी, नियमात बसणारी, कोरी झोपडी.

आमच्या माहितीपत्रकाची पहिली ओळ मीच लिहिलीय, ठळक अक्षरात — आधी बॅकअप घ्या.

मी बोलायला लागलो. सेबूचा तो, दुरुस्ती, झोपडीचा गेममधला क्रमांक — काय काय सांगत सुटलो. तिने ऐकून घेतलं. मग लॅपटॉप मिटला.

"तू सांगितलं होतंस जाणार नाही म्हणून."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

२० एप्रिल

ओट्यावर येत नाही. तिया मर्लीला विचारलं तर म्हणाली कपडे भरतेय. तीन आठवडे आधी?

२२ एप्रिल

सेबूवाल्याने लिहिलंय, आता काम झकास झालं, शाब्बास. फोन भिंतीवर मारणार होतो. मारला नाही. हेही आयुष्यात पहिल्यांदाच.

२४ एप्रिल

मनोंग तिबॉयला सगळं सांगितलं. वाटलं होतं झाडेल. त्याने पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली.

"एका पोराचा महिन्याचा खेळ मी असाच उडवला होता, दुकानात. सगळ्या कॉम्प्युटरवर नवं चढवलं, कुणाला न विचारता. तो परत आलाच नाही दुकानात."

म्हटलं, मग मी काय करू?

"तिच्या बाजूला बसून महिनाभर काय बघत होतास? पडदा की तिला?"

मी त्याच्या कानावरच्या पेन्सिलीकडे बघितलं.

"पडदा थोडा तरी बघितला असशील. आठव. मांड परत."

२५ एप्रिल

तिया मर्लीकडून लॅपटॉप मागून आणला. पंखा अजून आवाज करतो असं खोटं सांगितलं.

२९ एप्रिल

गेम बदलायचा एडिटर उघडून एकेक वस्तू ठेवतोय. बरणी फळीवर ठेवली की फळीतून खाली पडते. केसभर वर ठेवावी लागते, मग टेकते. टोपली खुंटीला टांगायला अख्खी दुपार. ती हे सगळं गेमच्या आत, माउसने ओढून ओढून करायची, आणि मी बाजूला बसून म्हणायचो, राजा वाट बघतोय. गाढव.

टेबल कुठे होतं आठवावं लागलंच नाही. खिडकीखाली. उजवा पाय भिंतीपासून थोडा सुटा, कारण तिथून झाडू फिरतो.

३ मे

थाळ्या सात. उपड्या. सातवीला चीर असलेलीच हवी, म्हणून ती बेटाच्या पार दुसऱ्या टोकाहून आणली होती तिने. गेममधले दोन दिवस चालत. मी नवी थाळी टाकू शकलो असतो एका क्षणात. नाही टाकली. तिच्याच वाटेने चालत गेलो; तिथे तशी अजून एक उरली होती. अख्खी दुपार लागली. वाटेत खेकड्याने मारलं एकदा.

खरं सांगायचं तर दुकान बंद झाल्यापासून इतका खेळलो नव्हतो. पॅच करत होतो नुसता. कुठल्या दगडाखाली काय चुकलंय ते मला पाठ, पण डोंगरावरून मिठागरं संध्याकाळी गुलाबी दिसतात हे विसरलो होतो. जुनंच पाणी. भंगार नाही दिसलं.

८ मे

बहुतेक झालं. दोरीवरची जाळी, दिवा, पाटीवरची तीन लिंबं. झोपडीत उभा राहून डोळे मिटतो, तिचा आवाज आठवतो — "हे इथे नको, तिथे" — मग उघडतो आणि सरकवतो.

ही नवी झोपडी तीस दिवसांनी रिकामी होत नाही ना, हे सहा वेळा तपासलं. गेममधले नव्वद दिवस झोपून काढले. राहतं सगळं.

बॅकअप तीन ठिकाणी. चौथा मनोंगकडे.

११ मे

तिया मर्लीकडे माणसांची ये-जा. निरोपाचं जेवण. मला बोलावणं आलं. गेलो नाही. काय तोंडाने जाऊ? आई जाऊन आली. म्हणाली, "विचारत होती. पंखा झाला का म्हणून."

सांगायचं जे ठरवलं होतं ते आता नाही सांगणार. आधी घर द्यायचं तिचं. बाकी मला मागायचा हक्क नाही.

१३ मे

लॅपटॉप घेऊन गेलो. ती आत शिरली, झोपडीत. बराच वेळ फिरली. एक थाळी उलटून चीर बघितली, परत उपडी ठेवली. डोळे पुसले. मग म्हणाली, "सगळं आहे. दाराशी बुटांचे दोन जोड होते, ते नाहीत."

म्हटलं, ते ओझं झालं म्हणून टाकलेत असं वाटलं मला. सगळेच खेळाडू जड सामान दाराशी टाकतात.

"घरात येताना पायातलं कुठे काढतोस तू?" ती म्हणाली. "मोठा जोड तुझा होता."